जत्रेतील मांडव आणि सेवेची उधारी

आमच्या संघाच्या स्मरणिकांचे जुने अंक कोणी चाळले, तर एका ठरावीक धाटणीचे छायाचित्र त्याला बहुतेक प्रत्येक अंकात आढळेल. रस्त्याच्या कडेला घातलेला मांडव, त्यावर संघाच्या नावाचा कापडी फलक, फलकाखाली ओळीने उभे असलेले पदाधिकारी, आणि अगदी कडेला, बहुधा अर्धी कापली गेलेली, हातात पाण्याचा पेला घेतलेली एखादी वृद्धा. छायाचित्राखाली डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे दिलेली असतात. जिच्याकरिता तो सारा खटाटोप, त्या वृद्धेचे नाव मात्र तेथे नसते. हे आम्ही कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. त्या ओळीत आम्हीही अनेकदा उभे राहिलो आहोत. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार नसला, तरी कर्तव्य आमच्याकडे येते असे आम्हांस वाटते.

लॅमिंग्टन रोडवर दुकान मांडून बसलेल्या आपणां व्यापाऱ्यांना लोकसमुदायाची ओळख करून घेण्यासाठी कोठे जावे लागत नाही. समुदायच आपल्या दारावरून जातो. रंगपंचमीस जग्गलगीच्या नादाने रस्ता दुमदुमतो. गणेशोत्सवात रात्री उशिरापर्यंत सहकुटुंब माणसे हिंडतात. महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धारूढ मठाच्या रथोत्सवासाठी खेड्यापाड्यांतून, जिल्ह्याबाहेरून, महाराष्ट्रातूनही भाविक लोटतात. महावीर जयंतीची आपली मिरवणूक तर आहेच. अशा प्रत्येक प्रसंगी आपला संघ आणि आपले पुष्कळ सभासद ज्यांत काम करतात ते रोटरी, लायन्स, जेसीज यांसारखे सेवाक्लब कोठे ना कोठे मांडव घालतात. कोणी पाणी व ताक वाटतो, कोणी नेत्रतपासणी ठेवतो, कोणी रक्तदानाचे शिबिर भरवतो, कोणी मधुमेहासाठी बोटातून रक्ताचा थेंब काढून पाहतो. प्रश्न एवढाच की, मांडव उतरला, दोऱ्या सुटल्या, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, म्हणजे त्या सेवेचे पुढे काय होते?

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जत्रेत मांडव घालणे म्हणजे निव्वळ देखावा, खरी सेवा इस्पितळात आणि शाळेत, असे म्हणणारा एक सुशिक्षित वर्ग आहे. त्याच्याशी आम्ही सहमत नाही. सामान्य माणूस इस्पितळाच्या पायरीला भितो. कोणत्या खिडकीशी उभे राहावे, कोणास काय विचारावे, दिवसाची मजुरी बुडवून आलो आणि 'उद्या या' म्हणाले तर काय करावे, या विचारानेच तो दुखणे अंगावर काढतो. जत्रेत मात्र तो निर्धास्त असतो. मुलेबाळे बरोबर असतात, गावची चार माणसे शेजारी असतात, आणि फुगेवाल्याच्या शेजारी बसलेल्या डॉक्टरची त्याला भीती वाटत नाही. आपल्या धर्माने आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांतील अभयदानाचा एक लहानसा अर्थ आम्ही असाही लावतो की, भ्यालेल्या माणसाला ज्या ठिकाणी भीती वाटत नाही, त्या ठिकाणी जाऊन त्याला भेटावे.

आपल्या या भागाला तर याचे थोर उदाहरण लाभले आहे. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील, आजच्या बागलकोट जिल्ह्यातील बिळगी येथे १९१६ साली जन्मलेले नेत्रशल्यविशारद डॉ. एम. सी. मोदी यांनी रुग्णाची वाट न पाहता रुग्णाच्या गावी जाण्याचे व्रत घेतले. फिरते नेत्ररुग्णालय घेऊन ते गावोगाव हिंडले, आणि एकेका दिवशी शेकडो शस्त्रक्रिया त्यांच्या हातून झाल्या. १९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २००५ साली ते निवर्तले. त्यांच्या शिबिरांत मांडव घालणारे, अंथरुणे पुरवणारे, रुग्णांच्या जेवणाची सोय पाहणारे हात गावोगावच्या स्थानिक लोकांचे असत, आणि अशा कामी व्यापारी कधी मागे राहिलेला नाही. परंतु त्या काळच्या शिबिराचा एक विशेष आपण विसरता कामा नये. तेथे डोळा तपासला जात असे, तेथेच शस्त्रक्रिया होत असे, आणि पट्टी सुटेपर्यंत रुग्ण तेथेच राहत असे. मांडवात सुरू झालेले काम मांडवातच पुरे होई.

आज तशी स्थिती नाही, आणि नसावी हेही योग्यच आहे. तात्पुरत्या जागेत केलेल्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊन दृष्टी गेल्याचे दुःखद प्रकार देशात घडले आहेत. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे धोरण आता असे आहे की, तपासणी कोठेही व्हावी, पण शस्त्रक्रिया सुसज्ज शस्त्रक्रियागृहातच व्हावी. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ झाल्यापासून तर हे अपरिहार्यच झाले. याचा परिणाम असा की, ज्या कामाची दोन टोके पूर्वी एका मांडवात होती, त्यांच्यामध्ये आता काही मैलांचे आणि काही आठवड्यांचे अंतर पडले आहे. तपासणीचे टोक आपल्या हाती आहे, शस्त्रक्रियेचे टोक इस्पितळाच्या हाती. मधले अंतर कोणाच्या हाती आहे?

काही वर्षांपूर्वी घडलेली एक गोष्ट येथे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. गणेशोत्सवातील आमच्याच नेत्रतपासणीच्या मांडवात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकणारी एक वृद्ध बाई आली. डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू असल्याचे सांगितले. वहीवर बसलेल्या तरुणाने नाव विचारले. तेव्हा ती बाई शांतपणे म्हणाली, "होद वर्षानू बरकोंडु होगिद्री." गेल्या वर्षीही लिहून नेलेत, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. आपल्याकडे वर्षातून एकदा नाव लिहून घेण्याची चाल असावी, अशा समजुतीने ती पुन्हा नाव सांगावयास लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयाचे कपाट उघडले. जुन्या पावतीपुस्तकांच्या आणि उरलेल्या निमंत्रणपत्रिकांच्या खाली मागील वर्षाची वही सापडली. तीत त्या बाईचे नाव होते, गावाचे नाव होते, आणि पुढे सुवाच्य अक्षरात 'शस्त्रक्रिया आवश्यक' असा शेराही होता. त्यापुढील रकाना कोरा होता. तिच्या नावापुढचाच नव्हे, तर पानेच्या पाने कोरी होती. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. डॉक्टरांनी आपले काम विनामूल्य केले होते. शस्त्रक्रियेची सोय होऊ शकत होती. वहीवर बसलेल्या मुलाने अचूक लिहिले होते. आम्ही सर्वांना आभाराची पत्रे धाडली होती. फक्त त्या वहीचे पुढे काय करावयाचे हे काम कोणा एकाचे नव्हते, म्हणून ते कोणीच केले नव्हते. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही की, त्या वर्षीच्या अहवालात त्या बाईची गणना 'लाभार्थी' म्हणून झाली होती.

या खेपेस आमच्या भगिनी मंडळातील दोघी तिला घेऊन इस्पितळात गेल्या. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्या डोळ्याने तिला आता दिसते. दुसऱ्या डोळ्यात मात्र मोतीबिंदू अतिपक्व होऊन डोळ्याचा दाब वाढला होता व आतील नस निकामी झाली होती. आधी आणावयास हवे होते, असे तेथे सांगण्यात आले. किती आधी, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, कारण तारीख आमच्याच वहीत लिहिलेली होती.

आपण व्यापारी आहोत. माल उधार दिला तर खातेवहीत त्याची नोंद होते, मुदत गेली की मुनीम आठवण देतो, आणि खाते बंद होईपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. मांडवात एखाद्याला 'तुझ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया हवी' असे सांगून त्याचे नाव लिहून घेणे म्हणजे त्याच्या नावे खाते उघडणे होय. फरक इतकाच की, या खात्यात येणे त्याचे आहे आणि देणे आपले. दुकानाच्या वहीत दमडीची चूक खपवून न घेणारे आपण या दुसऱ्या वहीत पानेच्या पाने कोरी ठेवतो, हे आपल्या धंद्याच्या शिस्तीलाही शोभत नाही. मग धर्माला कसे शोभेल?

कोणी म्हणेल, लाखोंच्या समुदायाचा असा हिशेब ठेवणे क्लबांसारख्या हौशी मंडळींना कसे शक्य आहे? त्यास उत्तर याच देशात आणि आपल्याच डोळ्यांसमोर मिळालेले आहे. १९०५ साली शिकागोत जन्मलेल्या आणि १९१९ साली कलकत्त्यात येऊन पोहोचलेल्या रोटरीने १९८५ साली जगातून पोलिओ घालवण्याचा विडा उचलला. भारतात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली. शासनाची यंत्रणा, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरीचे कार्यकर्ते त्यात एकत्र आले. रेल्वे स्थानक, बसस्थानक, जत्रा, बाजार, जेथे म्हणून मुले येतात तेथे मेजे लागली. दोन थेंब पाजले की डाव्या करंगळीवर शाईची खूण केली जाई. पण काम तेथे थांबले नाही. पुढील दिवसांत कार्यकर्ते घरोघर फिरले, करंगळ्या पाहिल्या, आणि कोणत्या घरातील मूल राहिले याची खूण दारावर खडूने केली. राहिलेल्या घरी पुन्हा गेले, नकार मिळाला तरी पुन्हा गेले. २००९ साली जगातील पोलिओच्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भारतात होते. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. हे यश मेजावरच्या दोन थेंबांचे जेवढे, तेवढेच दारावरच्या खडूच्या खुणेचे आहे. राहिलेल्यांचा हिशेब ठेवला नसता, तर मेजे आजही लागत राहिली असती आणि रोगही राहिला असता.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. पी. के. सेठी यांच्या प्रयत्नांतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'जयपूर फूट' तयार झाला. त्यावर मांडी घालून बसता येते, शेतात अनवाणी चालता येते. १९७५ साली जयपुरास स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो विनामूल्य देण्याची व्यवस्था केली. आपल्या हुबळीतही, किम्स या नावाने सर्वांच्या तोंडी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, ऑल इंडिया जैन यूथ फेडरेशनचे महावीर लिंब सेंटर कृत्रिम पाय बसवण्याचे काम करीत आले आहे. या कामातील मर्म पाहण्यासारखे आहे. कृत्रिम पाय एकदा दिला की झाले, असे नसते. काही वर्षांनी तो झिजतो, मूल असेल तर वाढते, पट्टा तुटतो, मांडी घासून जखम होते. शिबिरात पाय देऊन निघून गेलेला दाता त्या वेळी कोठे शोधावा? जेथे कायमची जागा आहे, तेथे मात्र तो माणूस पुन्हा येऊ शकतो. गावोगाव शिबिर भरवून माप घ्यावे हे चांगलेच, पण शिबिर ज्याच्या आधाराने उभे राहते तो कायमचा पत्ता असला पाहिजे. आमचा आग्रह असा की, प्रत्येक मांडवाला असा एक पत्ता असावा. तो आपल्याच संस्थेचा असावा असे नाही. दुसऱ्याच्या दारी आपला माणूस नेऊन पोहोचवणे ही काही कमी प्रतीची सेवा नव्हे.

रक्तदानाविषयी तर व्यापाऱ्याला फार सांगण्याची गरज पडू नये. रक्त हा नाशवंत माल आहे. नेहमीच्या पद्धतीने साठवलेले रक्त सुमारे ३५ दिवस टिकते, त्यातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्स तर अवघे ५ दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषास पुन्हा ३ महिने व स्त्रीस ४ महिने देता येत नाही. असे असता महावीर जयंती, स्वातंत्र्यदिन अशा एकाच मुहूर्तावर शहरातील साऱ्या संस्था शिबिरे भरवतात. त्या आठवड्यात रक्तपेढीत ठेवण्यास जागा नसते, आणि पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत थॅलेसेमियाच्या मुलाचा बाप पिशवीसाठी दारोदार फिरत असतो. एकाच दिवशी सारा माल भरून ठेवून उरलेल्या मोसमात रिकामे कपाट दाखवणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणू? क्लबांनी आपसात बसून वर्षाचे महिने वाटून घ्यावेत, आणि जत्रेच्या मांडवात सगळ्यांचेच रक्त त्याच दिवशी न घेता काहींची नावे, रक्तगट व सोयीचा महिना नोंदवून घ्यावा. त्या महिन्यात त्या माणसाला बोलावणारा कोणी असावा. छायाचित्रात गर्दी कमी दिसेल हे खरे.

छायाचित्राचा विषय निघालाच आहे, तर फलकाविषयीही बोलले पाहिजे. आपल्या वाडवडिलांत गुप्तदानाची थोर परंपरा होती, असे आपण भाषणांत सांगतो आणि त्याच भाषणाच्या मागे देणगीदारांच्या नावांचा फलक लावलेला असतो. आम्ही नावाच्या अगदी विरुद्ध नाही. नाव लागल्याने दुसऱ्यास देण्याची बुद्धी होते, हिशेबाला जबाबदार कोण हे कळते, आणि फसव्या संस्थांपासून लोकांचा बचाव होतो. म्हणून फलक असावा. परंतु त्यावर अध्यक्षांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत येथे काय मिळेल, पुढे कोठे जावे आणि कोणास विचारावे हे लिहिलेले असावे, व ते प्रथम कन्नडमध्ये असावे. हुबळीच्या रस्त्यावर कन्नड, मराठी, उर्दू, गुजराती, मारवाडी अशा साऱ्या भाषा चालतात, पण रथोत्सवाला खेड्यातून येणारी बाई कन्नडच बोलते, आणि तिला वाचता येत नसेल तर कोणी तरी ते तिला वाचून दाखवते. आपल्या घरातील मराठी वा गुजराती बोलणाऱ्या मुलांनी तिच्या भाषेत तिच्याशी चार शब्द बोलावेत, यातही त्यांचे मोठे शिक्षण आहे.

नावाचा मोह आवरण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या पेढीतच सापडेल. जुन्या बाजारपेठांत, विशेषतः कापसाच्या व धान्याच्या व्यवहारात, दर गाठीमागे किंवा दर पोत्यामागे 'धर्मादाय' म्हणून काही रक्कम बिलात घेण्याची चाल होती. ती रक्कम ग्राहक देत असे, आपण ती सांभाळीत असू व सत्कार्यास लावीत असू. बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानेही असाच निवाडा दिला की, अशी धर्मादायाची रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, ती धर्मकार्यासाठी त्याच्या हाती सोपवलेली असते. कायद्याचा मुद्दा करापुरता असेल, पण त्यातील तत्त्व करापुरते नाही. आज ती चाल बिलातून बहुतांशी गेली असली, तरी आपली दुकाने ज्यांच्यामुळे चालतात तीच माणसे जत्रेत आपल्या मांडवापुढे रांग लावतात. आपण त्यांना देतो ते पुष्कळ अंशी त्यांच्याकडूनच आलेले असते. मुनीम मालकाला त्याचीच रक्कम परत करताना छायाचित्र काढून घेत नाही.

आता एक अशी सेवा सुचवितो की जिच्याविषयी बोलताना सभ्य मंडळी संकोचतात. रोटरीच्या इतिहासातील अगदी पहिले सार्वजनिक काम कोणते, हे पुष्कळ सभासदांस ठाऊक नसेल. शिकागोच्या भर बाजारवस्तीत सार्वजनिक शौचालय नव्हते. १९०७ च्या सुमारास रोटरीच्या मंडळींनी ते व्हावे म्हणून नगरपालिकेकडे आग्रह धरला. विरोध झाला, आणि तो करणाऱ्यांत व्यापारी व मद्यव्यावसायिकही होते. ज्याला गरज असेल तो गुत्त्यात जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुत्त्यात स्त्री कशी जाणार, हे त्यांच्या ध्यानीही नव्हते. अखेर ते काम झाले. आज जगभर पसरलेल्या त्या संस्थेची पहिली सार्वजनिक सेवा इतकी साधी होती.

आपल्या लॅमिंग्टन रोडवर, दुर्गद बैलात, ब्रॉडवेवर उत्सवाच्या रात्री लहान मुलांना घेऊन हिंडणाऱ्या आयाबहिणींची काय सोय असते, हे प्रत्येक घरातील स्त्रियांना विचारावे. कित्येकजणी घरून निघतानाच पाणी पीत नाहीत, असे उत्तर मिळेल. मग आपण त्यांच्यासाठी थंड पाण्याचा मांडव घालतो, यातील विसंगती आमच्या भगिनींनीच आम्हांस दाखवून दिली. उत्सवाच्या दिवसांत ज्या सभासदांच्या दुकानांत स्वच्छतागृह आहे त्यांनी ते स्त्रियांसाठी खुले ठेवावे, बाहेर एक लहान पाटी लावावी, आणि तेथे पाण्याची व झाडलोटीची व्यवस्था संघाने पाहावी. यास मोठा निधी लागत नाही, उद्घाटक लागत नाही, आणि याचे छायाचित्रही काढता येत नाही. म्हणूनच आजवर ते सुचले नसावे काय?

पाण्याच्या मांडवाविषयी एवढेच की, १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे अशा एकदाच वापरावयाच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही मिरवणूक पुढे गेल्यावर आपल्या मांडवापुढील रस्ता कसा दिसतो, हे पहाटे झाडू घेऊन येणाऱ्या पौरकार्मिकांस ठाऊक आहे. आपण तहान भागवावी आणि केर दुसऱ्याने उचलावा, ही अहिंसा नव्हे. स्टीलचे पेले, ते धुण्यास दोन हंडे, आणि मांडव उतरवणाऱ्यांनीच रस्ता झाडून घरी जाणे, इतका नियम पुरेसा आहे.

येथवर वाचून एखादा सभासद म्हणेल, 'लेखकमहाशयांनी उपदेश पुष्कळ केला, करावयाचे काय ते सांगावे.' आमची सूचना एकच आहे. आपले नवे वर्ष दीपावलीला सुरू होते. भगवान महावीरांचा निर्वाणोत्सव आपण त्याच अमावास्येला करतो, आणि वीर निर्वाण संवत दुसऱ्या दिवसापासून नवे मोजतो. त्या मुहूर्तावर पेढीपेढीत वहीपूजन होते. यंदापासून संघाच्या कार्यालयात आणखी एका वहीचे पूजन व्हावे. ती सेवेची वही. वर्षभरात कोणत्याही मांडवात ज्याचे नाव लिहून घेतले, त्याचे नाव तीत असावे. त्यापुढे त्याला काय हवे होते, ते मिळवून देण्याची जबाबदारी कोणा एका सभासदाची होती, आणि ते कोणत्या दिवशी पुरे झाले, हे असावे. जबाबदारीच्या रकान्यात 'समिती' असा शब्द लिहू नये, माणसाचे नाव लिहावे. रुग्णांची माहिती खाजगी असते, तेव्हा वही कुलुपात राहावी व तिच्यातील नावे कोठेही छापू नयेत. वहीपूजनापूर्वी मात्र कार्यकारी मंडळाने ती पानोपान पाहावी, आणि जी खाती उघडी राहिली असतील ती आधी वाचून मगच कुंकू लावावे.

आणि या स्मरणिकेतील अहवालात 'इतक्या लोकांनी लाभ घेतला' असे लिहिण्याऐवजी 'इतकी नावे लिहिली, इतकी कामे पुरी झाली, इतकी राहिली' असे लिहावे. तिसरा आकडा छापताना संकोच वाटेल. वाटू द्यावा. धंद्यात येणे बाकी किती हे दडवणारी पेढी फार काळ टिकत नाही, हे आपणांस पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. देणे बाकी दडवणाऱ्या सेवेचेही तेच होईल. लोक मांडवात येतील, पाणी पितील, नावे सांगतील आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही असे गृहीत धरून घरी जातील. त्या भाजीवाल्या बाईने तसे गृहीत धरलेच होते. तिचा आपल्यावरील विश्वास उडाला होता असेही नाही. तो कधी बसलाच नव्हता.

काम सर्वस्वी आपल्या हातचे आहे. शासनाची परवानगी त्यास लागत नाही, नवी इमारत लागत नाही, मोठा फंडही लागत नाही. व्यापाऱ्याच्या मुलाला लहानपणापासून जे शिकवले जाते, म्हणजे लिहिलेले नाव विसरू नये आणि दिलेला शब्द मोडू नये, तेवढेच लागते. पुढील गणेशोत्सवात आमचा मांडव पुन्हा त्याच कोपऱ्यावर लागेल. ती बाई आली तर एका डोळ्याने आम्हांस ओळखील. तिने आणखी कोणाला हाताला धरून आणले, तर त्या माणसाचे नाव आम्ही लिहून घेऊ. मात्र त्यापुढील रकाना दीपावलीपर्यंत भरलेला असेल, असे वचन आम्ही या स्मरणिकेच्या पानावर देत आहोत, आणि पुढील वर्षी सभासदांनी आम्हांस त्याचा जाब विचारावा अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.

जय जिनेंद्र.